ऑटोइम्यून आजारासाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट: नागपूरहून निघण्याआधी आणि परतल्यावर

विदर्भात ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट’, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या मगजाचं प्रत्यारोपण, हा शब्द कुणाला नवा नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे तो गडचिरोलीच्या खेड्यांपासून नागपुरातल्या महाल वस्तीपर्यंत पोचलेला आहे. माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या मज्जातंतूंचं आवरण खराब करणाऱ्या आजारासाठी डॉक्टरांनी हा उपचार सुचवला, तेव्हा मामांनी पहिला प्रश्न विचारला, “मॅरो कोन देऊन राहिलं? माझा घ्या न.” दुसऱ्या दिवशी तीन चुलतभाऊ मॅरो जुळतो का ते सांगणारी एचएलए तपासणी कुठे होते ते विचारत होते. खरं तर कोणाच्याच मॅरोची गरज नव्हती. हे घरात सगळ्यांच्या गळी उतरायला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात नको ती घाई आणि नको ती भीती दोन्ही झाली.

मी डॉक्टर नाही. बहिणीसोबत खोलीत राहिलेली, फाइल सांभाळलेली मोठी बहीण आहे. ओळखीतून फोन येत राहतात, तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढते.

पिशवीतल्या पेशी म्हणजे औषध नव्हे

सिकलसेल किंवा थॅलेसेमियात रुग्णाचा मॅरोच सदोष असतो. म्हणून तो काढून दुसऱ्याचा, शक्यतो जुळणाऱ्या भावाबहिणीचा, द्यावा लागतो. ऑटोइम्यून आजारात गोष्ट उलटी आहे. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी बहुतेक ठीक असतात. बिघडलेली असते ती प्रतिकारशक्तीची स्मरणशक्ती. शरीरातल्या काही टी आणि बी नावाच्या पांढऱ्या पेशी आपल्याच मज्जातंतूंच्या आवरणाला, त्वचेला किंवा सांध्यांना शत्रू समजायला शिकलेल्या असतात, आणि एकदा शिकलेलं विसरत नाहीत.

या उपचारात आधी रुग्णाच्याच रक्तातून मूळ पेशी काढून गोठवून ठेवतात. मग जबर कीमो आणि सोबत एटीजी नावाचं, सशाच्या किंवा घोड्याच्या रक्तद्रवापासून बनवलेलं अँटिबॉडीचं औषध देऊन जुनी प्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून टाकतात. शेवटी गोठवलेल्या पेशी शिरेतून परत देतात. त्या पेशी आजार बरा करत नाहीत. कीमोने जो खड्डा पडतो त्यातून रुग्णाला लवकर वर काढतात, एवढंच त्यांचं काम. खरा उपचार कीमो आणि एटीजी. नंतर उगवणारी प्रतिकारशक्ती बऱ्याच अंशी नव्याने शिकते, आणि जुना राग विसरली तर आजार शांत होतो.

ही कल्पना कुणी बसून रचलेली नाही. रक्ताच्या कर्करोगासाठी ट्रान्सप्लांट झालेल्या काही रुग्णांना योगायोगाने संधिवातासारखा आजारही होता, आणि ट्रान्सप्लांटनंतर तोही निवळला, असं डॉक्टरांच्या लक्षात आलं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मग मुद्दाम ऑटोइम्यून आजारांसाठी हा मार्ग वापरला जाऊ लागला. आपल्याकडे पहिला यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ मध्ये झाला, तो कर्करोगासाठी. म्हणजे तंत्र जुनं आहे, फक्त त्याचा हा उपयोग तुलनेने नवा.

ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की खोटी दुकानंही ओळखू येतात. ‘स्टेम सेल थेरपी’च्या नावाखाली पोटाच्या चरबीतून किंवा नाळेतून काढलेल्या पेशींची सुई देऊन एमएस, संधिवात, मधुमेह, सगळं बरं करतो असं सांगणारे भेटतात. त्यांना एकच प्रश्न विचारा: आधी कीमो देणार का? ‘नाही, आमच्याकडे साइड इफेक्टच नाहीत’ असं उत्तर आलं, तर हा लेख ज्या उपचाराबद्दल आहे तो तिथे होत नाही. आम्ही अशा एका ठिकाणी जाऊन बसलो होतो. गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक, एसी, पाहुणचार, आणि आगाऊ रकमेची पावती. रक्ताची एकही तपासणी न करता त्यांनी तारीख द्यायची तयारी दाखवली. त्यावरूनच आई म्हणाली, “चला इथून.”

कोणाला, आणि मुख्य म्हणजे केव्हा

सर्वांत जास्त पुरावा दोन आजारांत आहे: वारंवार झटके (फिट नव्हे, नवी लक्षणं उसळणं) येणारा एमएस आणि त्वचा आवळत सर्वांगाला पसरणारा सिस्टेमिक स्क्लेरोसिस, ज्याला आपण स्क्लेरोडर्मा म्हणतो.

एमएससाठी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिस्ट’ चाचणीत ११० रुग्ण होते. औषधं चालू असूनही ज्यांना झटके येत होते, असे. निम्म्यांना ट्रान्सप्लांट, निम्म्यांना दुसरी औषधं. ट्रान्सप्लांट गटात ३ जणांचा आजार पुढे सरकला, औषधांच्या गटात ३४ जणांचा. ट्रान्सप्लांटमुळे कोणी दगावलं नाही. आकडे डोळे दिपवणारे आहेत, म्हणूनच सावधपणे वाचावेत. तुलना ज्या औषधांशी झाली त्यांत आजची सगळ्यांत जोरदार औषधं नव्हती, आणि रुग्ण निवडून घेतलेले होते.

स्क्लेरोडर्माचा हिशेब जास्त कठोर आहे. २०१४ च्या ‘अ‍ॅस्टिस’ चाचणीत १५६ रुग्ण होते. ट्रान्सप्लांटच्या गटातले ७९ पैकी ८ जण पहिल्याच वर्षात उपचारामुळे गेले. तरीही पुढची वर्षं मोजली तेव्हा ट्रान्सप्लांट झालेलेच जास्त जगले, कारण हा आजार औषधांवर सोडला तर फुप्फुसं आणि हृदय पोखरत जातो. २०१८ च्या ‘स्कॉट’ चाचणीचा कलही त्याच बाजूला होता. त्या आठ जणांचा आकडा डॉक्टर सांगत नसतील तर तुम्ही विचारा.

क्रोन्स या आतड्यांच्या आजारात २०१५ च्या चाचणीने ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं नाही. टाइप वन मधुमेहात ब्राझीलमध्ये २००७ च्या सुमारास काही रुग्णांचं इन्सुलिन सुटलं, पण बऱ्याच जणांना ते पुढे पुन्हा घ्यावं लागलं. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात बायोलॉजिक औषधं इतकी सुधारली की आता क्वचितच कोणी या वाटेला जातं. ल्युपसमध्ये (यात प्रतिकारशक्ती अनेक अवयवांवर उलटते) अगदी हट्टी आजारासाठी विचार होतो. शिवाय जर्मनीत २०२२ मध्ये पाच ल्युपस रुग्णांवर कार-टी पेशींचा, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देण्याचा, उपचार यशस्वी झाल्यापासून तिकडची वाटच बदलू लागली आहे. सोरायसिस, कोड, थायरॉइड यांच्यासाठी कोणी हा उपचार सुचवत असेल तर उठून या.

आता ‘केव्हा’चं. माझ्या मते सगळा निर्णय इथे आहे, आणि इथेच लोक चुकतात.

हा उपचार पेटलेली आग विझवतो, जळालेलं घर बांधून देत नाही. एमएसमध्ये सुरुवातीची वर्षं दाहाची असतात: झटके येतात, एमआरआयमध्ये रंगद्रव्य दिल्यावर नवे डाग चमकतात. पुढे दाह ओसरतो आणि मज्जातंतूंची झीज उरते. त्या टप्प्यावर प्रतिकारशक्ती पुसून फारसं हाती लागत नाही, धोका मात्र तितकाच किंवा जास्त. म्हणून साधारण पंचेचाळिशीच्या आतला, आजाराला दहा वर्षं न झालेला, फार तर काठी घेऊन का होईना पण चालणारा, चांगली औषधं चालू असूनही गेल्या वर्षभरात झटके किंवा नवे डाग असलेला रुग्ण योग्य समजतात. कित्येक वर्षं खुर्चीत असलेल्या, एमआरआय शांत असलेल्या माणसाला घरचे लोक ‘एक शेवटचा प्रयत्न’ म्हणून घेऊन जातात. तो प्रयत्न त्याच्या कामाचा नसतो.

स्क्लेरोडर्मातही तसंच. त्वचा झपाट्याने आवळते आहे, आजाराला चार-पाच वर्षं व्हायची आहेत, फुप्फुसाला नुकती सुरुवात आहे, तेव्हा बोलायचं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब खूप वाढला किंवा हृदय कमकुवत झालं की दार बंद होतं.

उलट घाईही नको. बहिणीला पहिला झटका आला, डावा डोळा धूसर झाला, तेव्हाच कोणीतरी ट्रान्सप्लांट सुचवलं होतं. तिच्या न्यूरॉलॉजिस्टनी ठाम नकार दिला: आधी एक जोरदार औषध देऊन पाहू. त्या औषधावर असतानाही पुढे दोन झटके आले आणि मानेत नवा डाग दिसला, तेव्हा त्यांनीच हा विषय काढला.

नागपूरकरांसाठी एक खास सूचना. उन्हाळ्यात एमएसच्या रुग्णाचे पाय जड होतात, नजर अंधुक होते, कारण अंग तापलं की आवरण गेलेल्या मज्जातंतूंतून संदेश नीट वाहत नाहीत. याला उथॉफचा परिणाम म्हणतात. गार खोलीत बसलं की तासाभरात उतार पडतो. हा नवा झटका नव्हे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, सीताबर्डीहून पायी येऊन ‘औषध फेल झालं, आता ट्रान्सप्लांटच’ असा निष्कर्ष काढू नका. झटका म्हणजे ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना निदान २४ तास टिकणारं नवं लक्षण. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लक्षणाची तारीख, त्या दिवशीचं तापमान आणि किती वेळ टिकलं ते लिहायचो. डॉक्टरांना त्या कॅलेंडरचा जितका उपयोग झाला तितका आमच्या बोलण्याचा झाला नाही.

केंद्र निवडताना

धंतोली-रामदासपेठेच्या दोन किलोमीटरांत इतके दवाखाने आहेत की सगळं इथेच होईल असं वाटतं. कॅन्सरसाठी ट्रान्सप्लांट करणारं युनिट आणि ऑटोइम्यूनसाठी करणारं युनिट यांत खोली तीच, यंत्रं तीच, पण नजर वेगळी लागते. म्हणून शहर आधी ठरवू नका, प्रश्न आधी ठरवा. आम्ही तीन ठिकाणी हेच विचारलं: माझ्याच आजाराच्या किती जणांचे ट्रान्सप्लांट तुम्ही केलेत, त्यातले किती पहिल्या शंभर दिवसांत दगावले, आणि किती जणांचा आजार परत आला? न्यूरॉलॉजिस्ट किंवा ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट भरतीच्या काळात रोज पाहणार की फोनवर? कीमोचा कोणता प्रोटोकॉल आणि तोच का? रक्तपेढीत रक्त इरॅडिएट करायची, म्हणजे किरणांनी त्यातल्या पांढऱ्या पेशी निकामी करायची, सोय आहे का? प्रतिकारशक्ती गेली की उसळणाऱ्या सीएमव्ही विषाणूची पीसीआर चाचणी इथेच होते की बाहेर जाते, आणि अहवाल किती दिवसांत येतो?

एका ठिकाणी पहिल्या प्रश्नाला ‘भरपूर’ असं उत्तर मिळालं. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगितला, तो फार मोठा नव्हता. त्यातल्या एका मृत्यूचं कारणही सांगितलं. आम्ही तिथे गेलो.

अनुभवी केंद्रांत एमएससाठी मृत्यूचा धोका आता साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असतो. स्क्लेरोडर्मात तो यापेक्षा बराच जास्त धरून चालावं लागतं.

बाहेरगावी जायचं तर एकूण अडीच-तीन महिन्यांचा मुक्काम गृहीत धरा. सगळे दिवस भरतीचे नसतात, पण दवाखान्यापासून अर्ध्या तासात राहणं लागतं. सोबत एक कायमचा माणूस आणि एक बदली माणूस हवाच. मी एकटीने करीन असं म्हटलं होतं. तिसऱ्या आठवड्यात मला सर्दी झाली आणि खोलीत पाऊल टाकायची बंदी आली. काकूंना रात्रीच्या गाडीने बोलवावं लागलं.

निघण्याआधीची कामं

तपासण्यांची यादी दवाखानाच देतो: हृदयाचा इको, फुप्फुसांची क्षमता, मूत्रपिंड, यकृत, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा सीटी. स्क्लेरोडर्मात हृदयाचा एमआरआय आणि उजव्या बाजूचं कॅथेटरायझेशनही करतात, कारण या आजारात हृदय वरून ठीक दिसतं आणि कीमोच्या व सलाइनच्या भाराखाली दगा देतं. आपल्याकडे दोन गोष्टी विसरू नका. एक, सुप्त क्षयरोग. दुसरी, जुनी हिपॅटायटिस बी. दोन्ही प्रतिकारशक्ती गेली की डोकं वर काढतात.

दात नागपुरातच करून घ्या, निदान महिनाभर आधी. किडकी दाढ कीमोनंतर तापाचं कारण होते आणि तेव्हा ती काढताही येत नाही.

चालू औषध कधी बंद करायचं ते दोन्ही डॉक्टरांनी मिळून लिहून द्यावं. काही औषधांचा अंमल महिनोन्‌महिने राहतो, तर नॅटालिझुमॅबसारखं एमएसचं औषध सोडल्यावर आजार उसळतो. मधली रिकामी जागा नेमकी किती असावी हे तुमच्या-माझ्या अंदाजाचं काम नाही.

आणि मुलंबाळं. घरात सगळ्यांसमोर बोलायला जड जातं, म्हणून हा विषय राहून जातो. सायक्लोफॉस्फमाइड या कीमोच्या औषधामुळे बीजांड आणि शुक्राणू दोन्हींवर परिणाम होतो. वय जितकं जास्त तितकी पाळी कायमची जाण्याची शक्यता जास्त. पुरुषांचं काम एका दिवसाचं असतं. बाईला बीजांडं गोठवायला इंजेक्शनांसह साधारण दोन आठवडे लागतात. २०२१ च्या कायद्यानुसार ही साठवण दहा वर्षांपर्यंत ठेवता येते. माझी बहीण तेव्हा अविवाहित होती. आईसमोर नाही, माझ्यासमोरही नाही, तिने डॉक्टरांना एकटीने भेटून ठरवलं. तुमच्या घरातही रुग्णाला ती अर्ध्या तासाची एकट्याची भेट मिळवून द्या.

पैसे

आकडा मी देत नाही, कारण केंद्रागणिक तो फार बदलतो आणि माझा आकडा धरून कोणी फसायला नको. पण अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात हे आहे का पाहा: एटीजी, महागडी बुरशीविरोधी औषधं, प्लेटलेटच्या पिशव्या, पेशी गोठवण्याचा खर्च, ताप लांबला तर वाढणारे दिवस, पुन्हा भरती व्हावं लागलं तर त्याचा खर्च. ‘पॅकेज’ या शब्दाने भुलू नका. आमच्या पॅकेजमध्ये बुरशीविरोधी औषध नव्हतं, आणि नेमकं तेच सगळ्यांत जास्त दिवस लागलं.

विम्याची एक बारीक मेख. विमा नियामकाने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांना संरक्षण द्यायला सांगितलं, त्यांत स्टेम सेलचा उल्लेख ‘रक्तविकारांसाठीच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट’ असा आहे. एमएस रक्तविकार नाही. या शब्दावर बोट ठेवून दावा अडवला जाऊ शकतो. म्हणून भरतीआधीच लेखी मंजुरी मागा, सोबत न्यूरॉलॉजिस्ट आणि रक्तविकारतज्ज्ञ दोघांची पत्रं जोडा, आणि आधी कोणकोणती औषधं निकामी ठरली ते तारखांसह लिहून घ्या. नकार आला तर तोही लेखीच घ्या. विमा लोकपालाकडे जायला तो कागद लागतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, ते निवडलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आजाराच्या नावासह विचारा. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांचे अर्ज उपचाराआधी करा, कारण मदत रुग्णालयाच्या खात्यात जाते. मल्टिपल स्क्लेरोसिस २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे (सिकलसेलही आहे), तेव्हा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवा. सरकारी रुग्णालयातल्या दिव्यांगत्व तपासणाऱ्या बोर्डाच्या दिवशी सकाळी लवकर जा आणि बसायला घडीची खुर्ची न्या, हा माझा स्वतःचा सल्ला.

पेशी गोळा करणं

पहिली छोटी भरती या टप्प्यात होते. सायक्लोफॉस्फमाइडचा एक डोस, भरपूर सलाइन, आणि मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून मेस्ना. मग घरी किंवा खोलीवर येऊन रोज जी-सीएसएफची इंजेक्शनं. ही थंड ठेवावी लागतात, तेव्हा प्रवासात बर्फाचा डबा. या इंजेक्शनांनी मॅरोतल्या मूळ पेशी रक्तात उतरतात आणि हाडं दुखतात. कंबर आणि छातीचं हाड ठणकायला लागलं की बहीण म्हणायची, “कारखाना सुरू झाला.” एमएसमध्ये एकटं जी-सीएसएफ दिलं तर आजार भडकू शकतो, म्हणून सोबत कीमो किंवा स्टिरॉइड असतं. डॉक्टर ते का देतात हे मला तेव्हाच कळलं असतं तर मी ‘एवढ्यातच कीमो कशाला’ म्हणून वाद घातला नसता.

दहाव्या दिवसाच्या आसपास रक्तातल्या सीडी-३४ पेशी, म्हणजे मूळ पेशी, मोजतात. पुरेशा असल्या की एफेरेसिस यंत्रावर चार ते सहा तास. एका नळीतून रक्त जातं, पेशी वेगळ्या होतात, उरलेलं रक्त दुसऱ्या नळीने परत येतं. हाडात सुई टोचून मॅरो उपसत नाहीत, हे मामांना शेवटपर्यंत पटलं नाही. ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटने कॅल्शियम उतरतं. दर किलो वजनामागे निदान २० लाख पेशी लागतात. एका दिवसात नाही झाल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवतात.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांची मोकळीक असते. याच काळात केस गळतात. आधीच बारीक कापून घेतले तर उशीवर गुंतवळ बघावी लागत नाही.

खोलीतले दिवस

मोठी भरती साधारण तीन ते चार आठवडे. मानेत किंवा दंडातून मध्यवर्ती नळी बसवतात. खोलीत गाळलेली हवा, दार सतत बंद. दिवस उलटे मोजतात: वजा पाच, वजा चार, असं करत शून्यापर्यंत.

आमच्या प्रोटोकॉलमध्ये चार दिवस सायक्लोफॉस्फमाइड आणि सोबत एटीजी होतं; काही केंद्रं ‘बीम’ नावाची चार औषधांची जोडणी वापरतात. एटीजीच्या पहिल्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि बहिणीचा डावा पाय उचलेना. मी घाबरून बेलवर बेल मारली. पण हे तेच, उन्हाळ्यातलं: अंग तापलं, म्हणून जुनं लक्षण वर आलं. ताप उतरल्यावर पाय परत आला. धोका वेगळाच होता. प्लेटलेट कमी होणार असताना पडणं परवडत नाही, म्हणून त्या रात्रीपासून बाथरूमलाही एकटं जायचं नाही असं ठरलं. स्क्लेरोडर्माच्या रुग्णांत मात्र एटीजीसोबतच्या स्टिरॉइडच्या मात्रेवर जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण त्याने मूत्रपिंडाचं संकट ओढवू शकतं. रक्तदाब रोज लिहून ठेवा.

शून्य दिवशी प्रत्यक्ष ट्रान्सप्लांट अर्ध्या-एक तासात संपतं. पिशवी कोमट पाण्यात वितळवतात आणि सलाइनसारखी लावतात. गोठवताना घातलेल्या डीएमएसओ या रसायनामुळे खोलीभर लसणासारखा वास येतो, रुग्णाच्या श्वासालाही दोन दिवस. लिंबाची गोळी चघळायला दिली की मळमळ कमी होते. काकू नारळ घेऊन आल्या होत्या. तो दाराबाहेरच राहिला.

पुढचे दहा-बारा दिवस खरे. पांढऱ्या पेशी शून्याजवळ. तोंड सोलतं, जुलाब लागतात, आणि ताप बहुतेकांना येतोच. ताप आला की तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. प्लेटलेट देणारे चार-पाच दाते आधीच तपासून यादी तयार ठेवा. नातेवाइकांनी मॅरो द्यायची जी हौस दाखवली होती ती मी इथे वळवली: दोन चुलतभाऊ एसडीपी (एकाच दात्याकडून यंत्राने काढलेले प्लेटलेट) द्यायला आले. रक्त आणि प्लेटलेट इरॅडिएट केलेलेच चढवले जातात ना, हे पिशवीवरच्या शिक्क्यावर पाहता येतं.

खाणं ताजं, गरम, पूर्ण शिजलेलं. मऊ खिचडी, मुगाचं वरण, उकडलेला बटाटा. कच्ची कोथिंबीर, चटणी, कापून ठेवलेली फळं, काहीच नाही. तर्री पोह्यांचं नाव काढलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, अर्धं आठवणीने आणि अर्धं तोंडातल्या फोडांनी.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिल्या की परत दिलेल्या पेशी रुजल्या असं धरतात. तिच्या बाबतीत ते अकराव्या दिवशी झालं.

नागपूरला परतल्यावर

परतीचा महिना आधीच ठरवता आला तर नोव्हेंबर-डिसेंबरकडे ठेवा. आम्ही तसं केलं, आणि एवढी एक गोष्ट केली याचं आजही बरं वाटतं. एप्रिलमध्ये परतायची वेळ आली तर डेझर्ट कूलर विसरा. ओल्या गवताच्या पट्ट्यांत बुरशी वाढते, टाकीतल्या साचलेल्या पाण्यात जंतू आणि डेंग्यूचे डास, आणि पंखा ते सगळं थेट तोंडावर फेकतो. एका खोलीपुरता एसी घ्या, जाळी धुऊन. एमएसवाल्याला तो तसाही लागणार आहे.

धूळ हा दुसरा शत्रू. आपल्या शहरात कुठला ना कुठला रस्ता उकरलेला असतोच. उकरलेल्या मातीत, पाडलेल्या भिंतींत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. पहिले सहा महिने बाहेर पडताना चांगला मास्क, आणि घरात रंगकाम, फर्निचर काढायचं नाही. बागकाम, कबुतरांची बाल्कनी, इतवारी बाजारातली गर्दी, लग्नं, सगळं बाजूला. भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणायचं काम रुग्णावर टाकू नका. आम्ही दारावर कागद लावला होता. शेजारच्या आजी चार दिवस रुसल्या, मग खिडकीतून बोलायला लागल्या.

औषधं: न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाच्या जंतुसंसर्गाविरुद्ध कोट्रायमॉक्साझोल साधारण सहा महिने, नागिणीच्या विषाणूविरुद्ध असायक्लोव्हिर बहुधा वर्षभर. पहिल्या शंभर दिवसांत सीएमव्ही आणि ईबीव्ही या विषाणूंच्या ठरावीक चाचण्या. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर रात्र काढायची नाही. त्यासाठी नागपुरातलाच एक रक्तविकारतज्ज्ञ निघण्याआधी गाठून ठेवा, आणि ट्रान्सप्लांट केंद्राचं पत्र त्यांच्याकडे पोचतं करा. आम्हाला रात्री अडीचला तातडीच्या विभागात ‘यांना नेमकं काय झालंय’ हे तीनदा सांगावं लागलं. मग मी एका पानावर सगळं छापून प्लॅस्टिकमध्ये घातलं: उपचाराची तारीख, दिलेली औषधं, ‘फक्त इरॅडिएटेड रक्त’, दोन्ही डॉक्टरांचे फोन. ते पान तिच्या पर्समध्ये असतं.

थकवा महिनोन्‌महिने राहतो. पाय आणि तोल यांत सुधारणा झाली तरी ती हळूहळू दिसते, आणि सगळ्यांना होत नाही. तिच्या डाव्या डोळ्याची धूसर नजर आहे तशीच आहे. नवे डाग मात्र आलेले नाहीत. पहिल्या एमआरआयत काही नवं दिसलं तरी हाय खाऊ नका. ते उपचाराच्या आधीचंही असू शकतं. म्हणून परतल्यावर काही महिन्यांनी एक आधारभूत एमआरआय करतात आणि पुढची तुलना त्याच्याशी होते.

एक विचित्र गोष्ट: नवी प्रतिकारशक्ती कधीकधी दुसराच ऑटोइम्यून आजार घेऊन येते, बहुतेक वेळा थायरॉइडचा. दरवर्षी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, करा. पाळी थांबली असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि हाडांची घनताही बघून घ्या.

लहानपणीच्या लसींचं संरक्षणही पुसलं गेलेलं असतं. साधारण सहा महिन्यांनंतर मृत जंतूंच्या लसी पुन्हा सुरू करतात. गोवर-गालगुंड-रुबेलासारख्या जिवंत लसी दोन वर्षं उलटल्याशिवाय आणि डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय नाहीत. घरातल्या बाकीच्यांनी फ्लूची लस तिच्या परतण्याआधीच घ्यावी. बहिणीचं लसीकरणाचं नवं कार्ड बालरोगतज्ज्ञांकडे मिळतं तेच होतं, वर हत्तीचं चित्र असलेलं. शेवटच्या दोन रकान्यांची तारीख पुढच्या हिवाळ्यातली आहे.